आधी ‘हेंडी’ बाजूला ठेवा

मराठी भाषा गौरव दिन आला की तोच मेसेज फिरायला लागतो: ‘जर्मन माणूस एक इंग्रजी शब्द तोंडातून काढत नाही, शिकतोही मातृभाषेतच, म्हणून जर्मनी पुढे. आणि आपण बघा!’ लिहिणाऱ्याने इथे जर्मनीत एस-बानमध्ये, म्हणजे लोकलमध्ये, दोन स्टेशनं जरी कान उघडे ठेवले असते तरी हात आखडला असता. मोबाईल म्हणजे ‘हेंडी’, प्रोजेक्टर म्हणजे ‘बीमर’, घरून काम म्हणजे ‘होमऑफिस’, जपलेली जुनी मोटार म्हणजे ‘ओल्डटायमर’. पंचाईत एवढीच की लंडनमध्ये होम ऑफिस म्हणजे गृहखातं, ओल्डटायमर म्हणजे एखादे जुनेजाणते आजोबा, आणि बीमर म्हणजे अंगावर आलेला फुलटॉस.

जर्मन माणसाला इंग्रजी शिकताना नडतात ते हे ओळखीचे वाटणारे शब्दच. ‘बेकोमेन’ म्हणजे मिळणं, म्हणून हॉटेलात ‘आय बिकम अ स्टेक’ निघतं. त्यावर हसून सोडता येतं, ऑफिसातलं मात्र महागात पडतं. ‘एव्हेन्टुएल’ म्हणजे कदाचित. जर्मन माणूस ‘वी विल इव्हेंच्युअली डिलिव्हर’ लिहितो तेव्हा त्याच्या मनात ‘जमलं तर’ असतं, आणि ग्राहक वाचतो ‘उशिरा, पण नक्की’. तिथे ‘पॉसिबली’ किंवा ‘मे’ हवं. ‘आक्टुएल’ म्हणजे सध्याचं. त्याचं ‘अ‍ॅक्चुअल’ केलं की बजेटच्या तक्त्यात गोंधळ, कारण तिथे अ‍ॅक्चुअल म्हणजे प्रत्यक्षात झालेला खर्च.

‘बिस फ्रायटाग’ म्हणजे शुक्रवारपर्यंत, त्याची गंमत वेगळी. इंग्रजीत त्याचे दोन तुकडे होतात: काम शुक्रवारपर्यंत चालूच राहणार असेल तर ‘अनटिल’, शुक्रवारच्या आत संपवायचं असेल तर ‘बाय’. मराठीत दोन्हीला ‘शुक्रवारपर्यंत’च, त्यामुळे या खड्ड्यात आपणही पडतो. जर्मनांना हसण्याआधी आपले मेल तपासावेत.

वेळ सांगताना तर तासाचा फरक पडतो. ‘हाल्ब द्राय’, शब्दशः ‘अर्धे तीन’, म्हणजे अडीच. ब्रिटिश माणसाचं ‘हाफ थ्री’ म्हणजे साडेतीन. उपाय सोपा: ‘टू थर्टी’ म्हणा. आकड्यांत चूक हजारपटीची: इंग्रजी बिलियन म्हणजे जर्मन ‘मिलिआर्डं’, आपले 100 कोटी. जर्मन ‘बिलिओन’ म्हणजे एक लाख कोटी. वर स्वल्पविराम आणि टिंब उलटे, म्हणजे 1,500 इथे दीड!

उच्चारात मात्र आपण वरचढ, हे सांगायला मला आवडतं. शब्दाच्या शेवटी ग, ड आले की जर्मन जीभ त्यांचे क, ट करते, म्हणून ‘बॅग’ची ‘बॅक’ होते. स्वर किंचित लांबवला तरी फरक कळतो. आपली बॅग बॅगच राहते. (वाइन आणि व्हाइन, म्हणजे द्राक्षाचा वेल, यांचा उच्चार मात्र दोघांचाही एकच, तो विषय नको.)

शुद्धतेची रडारड इथेही आहेच. 1997 साली जर्मन भाषेसाठी एक संघटना निघाली, तिने ‘श्प्राखपान्शर’, म्हणजे भाषेत भेसळ करणारा, अशी पदवीही वाटली. पण लोकांनी ‘हेंडी’ला नपुंसकलिंग दिलं, अनेकवचनाला इंग्रजी नियम झुगारून नुसता ‘एस’ लावला, डाउनलोडला जर्मन भूतकाळी रूपाचा ‘गे’ जोडून ‘गेडाउनलोडेट’ केलं. शिक्षण मातृभाषेत असावं हा मेसेजमधला मुद्दा मला पटतो. पण त्यासाठी जर्मनांना सोवळं नेसवायची गरज नाही.

आणि आमचंच बघा. इथल्या मराठी घरांत ‘अपॉइंटमेंट’ हा शब्द जवळजवळ गेलाय. सगळे म्हणतात, ‘डॉक्टरची टेर्मिन मिळाली का?’ जर्मनमध्ये टेर्मिन पुल्लिंगी आहे. तरी आम्ही ‘मिळाली’च म्हणतो, अपॉइंटमेंट मिळायची तसं.