नारळावर काय भागवता, मशीनच वाहा

नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ देतो. दर्या तो तासाभरात किनाऱ्यावर आणून टाकतो आणि बंदरावरची पोरं तो फोडून खातात. म्हणजे हिशेब केला तर दर्याच्या पदरात काहीच पडलेलं नसतं. दोन महिने वाळूत पालथ्या पडलेल्या होड्या आता पुन्हा पाण्यात उतरतायत, तेव्हा यंदा जरा मोठं मन दाखवा. होडीच्या मागच्या फळीवर लाख-दोन लाखांचं आऊटबोर्ड मशीन लटकतंय ना? तेच वाहा. बुडाला जड असल्यामुळे ते परत किनाऱ्याला लागत नाही, दर्याही खूश. मालवण-देवबाग पट्ट्यातल्या अनुभवी मंडळींकडून ऐकलेला आणि डोळ्यांनी पाहिलेला हा विधी इथे क्रमवार देतोय. मुहूर्त लागत नाही, भटजी लागत नाही. फक्त हयगय सातत्याने करावी लागते.

पहिली पायरी मशीन चढवण्याची. हे काम भर ओहोटीला करावं, म्हणजे जेटी वर आणि होडी खाली असं छान अंतर मिळतं. साधं दहा हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक मशीन चाळीस किलोच्या आसपास भरतं. ते छातीशी धरावं, एक पाय जेटीच्या शेवाळलेल्या पायरीवर ठेवावा आणि दुसरा होडीत. तुमचं वजन पडलं की होडी सावकाश जेटीपासून लांब जायला लागते. ह्या क्षणी माणसाला एकच निर्णय घ्यायचा असतो, मशीन सोडायचं की स्वतः जायचं. बहुतेकजण दोन्ही करतात. भित्रे लोक काय करतात, तर होडी दोन्ही टोकांनी जेटीला घट्ट बांधतात किंवा सरळ वाळूवर ओढून घेतात, मशीनला आधी जाड दोर बांधून त्याचं दुसरं टोक होडीत अडकवतात, मग दोघं मिळून ते खाली उतरवतात. हात सुटला तरी मशीन दोराला लोंबकळत राहतं. असल्या लोकांकडून दर्याने काय अपेक्षा ठेवायची!

मशीन फळीवर बसलं की ते दोन पिळायचे स्क्रू येतात. सगळी गंमत ह्या दोघांत आहे. छोट्या मशीनचा सगळा भार, पंख्याचा सगळा जोर, लाटेवर आपटताना बसणारे सगळे हिसके हे दोन स्क्रू सांभाळतात. 1909 साली ओले एव्हिनरूड ह्या मूळच्या नॉर्वेच्या, अमेरिकेत वाढलेल्या माणसाने आपलं पहिलं आऊटबोर्ड विकायला काढलं. दीड हॉर्सपॉवरचं आणि 62 पौंडांचं, म्हणजे साधारण 28 किलोचं. होणाऱ्या बायकोसाठी आइस्क्रीम आणायला तो तळ्यापलीकडे वल्हवत गेला आणि परत येईपर्यंत ते वितळलं, म्हणून त्याला यंत्र सुचलं, असं सांगतात. आइस्क्रीमसाठी एवढी खटपट करणारा माणूस स्क्रू आवळायला विसरला नसणार. आपल्याकडे आइस्क्रीमची तशी निकड नाही, त्यामुळे आपण निवांत आहोत.

तर स्क्रू. हे हाताने आवळायचे असतात, दोन्ही सारखे, आणि मशीन सुरू करून दहा-पंधरा मिनिटं फिरून आलं की पुन्हा एकदा. कारण मशीन थरथरतं, फळी किंचित दबते आणि मघाशी गच्च वाटलेला स्क्रू आता बोटाने फिरतो. ही दुसऱ्यांदा आवळायची भानगड तुम्ही मुळीच करू नका. बसल्या जागेवरून मागे हात नेला की पोचतो, मान्य, पण त्या हातात विडी असते. प्रवाशांपैकी एखादा पुणेकर चिकित्सक निघतोच. त्याने ‘काका, हे हलतंय का?’ असं विचारलं तर मागे न बघता सांगावं, ‘गेल्या वर्सापासना असाच हलता हा, काय होवचा नाय.’ ह्या उत्तराची ताकद अशी की विचारणारा वरमतो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याचे फोटो काढायला लागतो. किल्ला साडेतीनशे वर्षं जागचा हललेला नाही. त्याचा पाया शिशाचा रस ओतून बसवला म्हणतात. तेव्हाची माणसं फारच काळजीखोर होती.

दुसऱ्या टोकाचे भक्तही असतात. ते स्क्रूच्या दांडीत लोखंडी पाइप घालून, वर दोन हातोडे मारून असा आवळतात की फळीचं फायबर कडकड वाजतं. त्याचंही पुण्य दर्याच्याच खात्यात जमा होतं, फक्त व्याजासकट आणि उशिरा.

उशिरा कसं ते फळीपाशी गेल्याशिवाय कळायचं नाही. फायबरच्या होडीची मागची फळी वरून दिसते गुळगुळीत, पण तिच्या पोटात प्लायवूड असतं. ह्या प्लायवुडाला पाणी पाजणं हा विधीचा गाभा आहे. त्यासाठी फळीला भोकं पाडावीत. एक मशीनच्या बोल्टसाठी, एक गेल्या वेळच्या मशीनच्या बोल्टसाठी, दोन सुकाणूच्या बिजागरीची, एक कशासाठी पाडलं ते आता कुणालाच आठवत नाही. ती सीलंटने भरू नयेत. फारच कुणी मागे लागलं तर वरून एमसीलचा गोळा अंगठ्याने दाबून टाकावा, अंगठ्याचा ठसा उमटला की काम पक्कं झालं असं समजतात. आतून पाणी दोन-तीन पावसाळे सावकाश मुरतं आणि लाकडाचा भिजलेल्या नाचणीच्या भाकरीसारखा लगदा होतो. बाहेरून रंग एकदम झकास. पान्याच्या टोकाने फळीवर ठोकत गेलं तर चांगल्या जागी टणटण आवाज येतो आणि कुजलेल्या जागी भदभद. मशीनच्या डोक्याला धरून खालीवर दाबलं तर कुजकी फळी श्वास घेतल्यासारखी आतबाहेर होते, भोकातून तपकिरी पाणी गळतं. म्हणून ठोकू नका आणि दाबूही नका. ज्याला विचारायचं नाही त्याने उत्तर कशाला ऐकावं?

बोल्टचं म्हणाल तर बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात सर्वांत स्वस्त जे मिळतील ते. साधं लोखंड. पहिल्या महिन्यात लाल होतात, सहा महिन्यांत त्यांची कंबर बारीक होते. स्टेनलेसचे, त्यातही 316 म्हणतात त्या जातीचे बोल्ट खाऱ्या पाण्यात टिकतात, म्हणून आपल्या कामाचे नाहीत. आतल्या बाजूला रुंद पत्रा किंवा मोठे वायसर घातले तर जोर फळीभर पसरतो आणि बोल्ट लाकडातून ओढला जात नाही. तेव्हा वायसर घालायचं झालंच तर सायकलचं घालावं. पुन्हा न सुटणारे, आत नायलॉनची कडी असलेले नट दुकानदार दाखवेल. त्याला हसून म्हणावं, ‘आमका सोडवकच लागतले.’ मशीनला खाली जस्ताचा एक तुकडा लावलेला असतो. खारं पाणी आधी त्याला खातं आणि मशीनचं अॅल्युमिनियम वाचतं. त्याच्यावर गणपतीसाठी आणलेला उरलेला ऑइलपेंट मारला की तो छान दिसतो आणि काम बंद करतो.

आता उंची. मशीनचा पाय आखूड असतो तो पंधरा इंची, लांब असतो तो वीस इंची फळीसाठी. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली यावी असा साधा हिशेब आहे. आपण मशीन घेताना हा हिशेब करत नाही. भावोजींच्या ओळखीने मिळतंय, स्वस्तात मिळतंय, मग पाय लांब की आखूड ही चौकशी म्हणजे मुलीला पाहायला जाऊन वजनकाटा मागण्यासारखं आहे. घरी आणल्यावर कळतं की पाय फारच खोल जातोय. उपाय सोपा, फळीच्या डोक्यावर फणसाच्या लाकडाचा तुकडा ठेवायचा आणि त्याच्यावर मशीन. तेवढ्याने मशीन वर येतं आणि स्क्रूदेखील वर येतात. आधी फळीला मध्यावर धरणारे स्क्रू आता फळीच्या ओठाला किंवा त्या सुट्या तुकड्यालाच चावून बसलेले असतात. विधीतली ही सर्वांत सुबक पायरी आहे असं माझं मत आहे. ह्यात दोष कुणाचाच दिसत नाही.

सगळं असं जुळून आलं की होडी संगमावर घ्यावी. देवबागला कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूचे दांडे दर मोसमात जागा बदलतात. ओहोटीला भरधाव जाऊन पंखा दांड्यावर आपटावा. शहाण्या माणसाचं मशीन अशा वेळी मागून वर उचललं जातं आणि पुन्हा खाली बसतं, कारण तसंच ते बनवलेलं असतं. तुमचं मात्र उचललं जातं आणि बसतच नाही. एकदम हलकं वाटतं, होडी पळते आणि आवाज थांबतो. तिथे नाही जमलं तर रिव्हर्सला जमतं. रिव्हर्स टाकताना मशीन वर उसळू नये म्हणून खिट्टी असते. ती कधीच मोडलेली असल्यामुळे आपण तिथे सुंभ बांधलेलं असतं.

इथे एक अडचण येऊ शकते. काही लोकांनी मशीनला साखळी बांधलेली असते. आणि ती बघण्यासारखी असते! जाडजूड, सात लिव्हरचं कुलूप घातलेली, रात्री चोर येऊ नये म्हणून. सकाळी दर्यात जाताना ही साखळी सोडून, नीट गुंडाळून, घरी खुंटीला अडकवायची असते. चोर रात्री येतो, दर्या दिवसा. दिवसा कुलूप लावलेलं बरं दिसत नाही. काही अतिशहाणे मात्र स्टेनलेसची वायर मशीनच्या ब्रॅकेटमधून घेऊन होडीतल्या वेगळ्या, भक्कम कडीला अडकवतात आणि ती आखूड ठेवतात, म्हणजे स्क्रू सुटले तरी मशीन हाताशी राहतं. तुम्हाला अगदीच लोकलाजेखातर काही बांधायचं असेल तर नायलॉनची दोरी मशीनच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टोपणाला बांधा. मशीन गेल्यावर टोपण हातात राहतं. तेवढीच आठवण.

लाल रंगाची, टेलिफोनच्या वायरीसारखी गुंडाळलेली एक दोरी मशीनबरोबर येते. चालवणाऱ्याने ती मनगटाला किंवा मांडीला अडकवायची, तो पडला किंवा फेकला गेला की क्लिप निघते आणि मशीन बंद. आपल्याकडे ती क्लिप कायमची बसवून दोरी कापून टाकतात, कारण ती जाळ्यात अडकते. अमेरिकेत 26 फुटांखालच्या बहुतेक मोटारबोटींवर असा स्विच चालू मशीनला जोडलेला ठेवणं 1 एप्रिल 2021 पासून सक्तीचं आहे. आपल्याला तारीख बघूनच विश्वास बसला नाही. 2013 च्या मे महिन्यात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, पॅडस्टोच्या खाडीत, सुट्टीला आलेलं सहा जणांचं एक कुटुंब स्पीडबोटीतून पाण्यात फेकलं गेलं. दोरी कुणाला लावलेली नव्हती. रिकामी बोट पूर्ण वेगात त्यांच्याभोवतीच गोल फिरत राहिली आणि त्यांच्या अंगावरून गेली. दोघांचा जीव गेला. ह्या परिच्छेदात मला विनोद सापडला नाही, पुढे जाऊ.

मशीन गेलं की पहिली दोन मिनिटं सगळ्यांनी पाण्याकडे बघावं. ‘मशीन खंय गेला?’ असं कुणीतरी विचारतंच. जुने गाबीत मच्छीमार लगेच दोन खुणा धरतात, किल्ल्याचा अमुक बुरूज त्या देवळाच्या कळसाच्या रेषेत, आणि तो माड त्या डोंगराच्या घळीत. दोन रेषा जिथे छेदतात तिथे मशीन. किंवा निदान रिकामा कॅन दोर-दगड बांधून तिथे सोडतात. तुम्ही तसलं काही करू नका, वाहत्या होडीतून बोट दाखवून ‘हयच खंयतरी’ म्हणा. पर्यटकांना मासे दाखवणारे स्कूबावाले डायव्हर तारकर्लीत मुबलक आहेत, त्यांनाही कामधंदा हवा.

आणि समजा, दुर्दैवाने ते सापडलंच. तर आता खरी कसोटी. बुडालेलं मशीन वर काढल्यावर खारं पाणी त्याला आत खात नसतं तेवढं बाहेरची हवा लागल्यावर खातं. म्हणून मेकॅनिक सांगतो, ताबडतोब गोड्या पाण्याने धुवा, स्पार्क प्लग काढून आतलं पाणी उपसा, तेल सोडा आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकलेला नसेल तर त्याच दिवशी चालू करा; तेवढ्यात मेकॅनिक मिळत नसेल तर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवूनच ठेवा. म्हणजे पाण्यातून काढलेलं पुन्हा पाण्यात! हे कुणाला पटणार? तुम्ही ते खळ्यात उभं करा, तुळशीच्या बाजूला, उन्हात. चार दिवस वाडीतली माणसं बघायला येतील. प्रत्येकजण दोरी ओढून बघेल. पाचव्या दिवशी दोरी ओढलीच जाणार नाही, तेव्हा भंगारवाल्याला निरोप धाडायचा आणि सोसायटीत कर्जाचा अर्ज.

नवं मशीन महिन्याभरात येतं. हार पेढा होतो. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, खाली लिंबू-मिरची. विक्रेता भला माणूस असेल तर गल्ल्यावरून विचारतो, ‘फळी बदलली का? बोल्ट नवे देऊ ना, स्टेनलेसचे?’

‘नको हो,’ म्हणायचं. ‘जुने आसत.’