बाटलीत बॅग मावत नाही: नॅनो युरियाविषयीच्या संदेशाचा प्रतिवाद

नागपूर, वर्धा आणि यवतमाळकडील शेतकऱ्यांच्या गटांत सध्या एक संदेश जोरात फिरत आहे. त्याचा आशय असा: नागपुरात रसायनशास्त्राच्या मंडळींच्या स्नेहभोजनात नॅनो पदार्थांवर व्याख्यान झाले आणि नॅनो युरियाची (पानांवर फवारायच्या द्रवरूप युरियाची) अर्ध्या लिटरची बाटली युरियाच्या एका बॅगेइतके काम करते, हे तिथे सिद्ध झाले, कण अतिसूक्ष्म असल्याने पीक ते सगळे शोषून घेते, त्यामुळे जमिनीतून युरिया देण्याची गरज उरत नाही, आणि अनेक शेतकऱ्यांनी युरिया बंद करूनही उत्पन्न घटलेले नाही. मी त्या व्याख्यानाला होतो. पेरणीच्या तोंडावर असा संदेश खरा मानला गेला तर नुकसान थेट शेतकऱ्याचे होते, म्हणून त्यातील एकेका विधानाचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

तिथे काही सिद्ध झाले, हेच मुळात खरे नाही. व्याख्यान पृष्ठफळाविषयी होते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. तोच घन एक नॅनोमीटर (मीटरचा एक अब्जांश) बाजूच्या तुकड्यांत कापला, तर सर्व तुकड्यांचे मिळून पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दीड एकर भरते. उत्प्रेरकांची, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थांची, क्रिया पृष्ठभागावरच घडत असल्याने त्यांना या वाढीचा मोठा लाभ मिळतो. मात्र तुकडे कितीही बारीक केले तरी त्यांतील अणू वाढत नाहीत, आणि प्रथिने तयार करण्यासाठी पिकाला नायट्रोजनचे अणूच लागतात.

ते किती मिळतात, याचा हिशेब बॅगेवर आणि बाटलीवर छापलेल्या आकड्यांवरूनच करता येतो. युरियाच्या ४५ किलोच्या बॅगेत ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे २०.७ किलो. इफको या खत सहकारी संस्थेने २०२१ मध्ये बाजारात आणलेल्या द्रवरूप नॅनो युरियात तो ४ टक्के होता, म्हणजे ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २० ग्रॅम. हे प्रमाण हजारास एक असे पडते. नंतर आलेल्या २० टक्क्यांच्या बाटलीतही नायट्रोजन फार तर शंभर-सव्वाशे ग्रॅम भरतो. एक किलो गव्हाच्या दाण्यातच साधारण २० ग्रॅम नायट्रोजन असतो. त्यामुळे पहिल्या बाटलीतील कण न् कण दाण्यात उतरला, तरी त्यातून किलोभर गव्हाची गरज भागेल. एकरी दहा क्विंटल गव्हाच्या नुसत्या दाण्याला २० किलो लागतो.

शोषणाच्या कार्यक्षमतेचा मुद्दाही याच ठिकाणी अडतो. जमिनीत टाकलेल्या युरियाचा मोठा भाग वाया जातो, हे खरे आहे. पण बॅगेतील केवळ ३० टक्के नायट्रोजन पिकाच्या हाती लागला असे धरले, तरी तो सहा किलोंच्या वर जातो, आणि बाटलीचे शोषण शंभर टक्के मानले तरी ते २० ग्रॅमच राहते.

कण सूक्ष्म असल्याने तो पानात सहज शिरतो, हा युक्तिवाद युरियाच्या बाबतीत मला विशेष कच्चा वाटतो. युरिया पाण्यात इतका विरघळतो की साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात तो स्वतः १०० ग्रॅमहून अधिक मावतो, आणि विरघळल्यावर त्याचे सुटे रेणू होतात, जे एका नॅनोमीटरहूनही लहान असतात. पऱ्हाटीवर २ टक्के युरिया फवारण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. त्यासाठी १५ लिटरच्या पंपात ३०० ग्रॅम युरिया घातला, तर १३८ ग्रॅम नायट्रोजन पानांवर जातो. लिटरमागे ४ मिलिलिटर या प्रमाणात ४ टक्क्यांचा नॅनो युरिया घातला, तर त्याच पंपातून २.४ ग्रॅम जातो.

राहिला अनुभवाचा मुद्दा. सोयाबीन आपला बहुतांश नायट्रोजन मुळांवरील गाठींतल्या जिवाणूंकरवी हवेतून मिळवते, त्यामुळे सोयाबीनवर काहीही फवारून युरिया बंद केला तरी फरक दिसण्याची शक्यता कमीच असते. कपाशी किंवा गव्हाच्या शेतात मागील हंगामांतील शिल्लक आणि सेंद्रिय पदार्थांतून सुटणारा नायट्रोजन एखादे वर्ष निभावून नेतो. ज्या शेतकऱ्याने शेजारच्या तासांना (पिकाच्या ओळींना) ना युरिया दिला ना नॅनो, त्याच्याकडेच तुलना असते, आणि संदेशातील एकाही अनुभवात असे तास सोडल्याचा उल्लेख नाही. पंजाब कृषी विद्यापीठाने मात्र अशी रीतसर तुलना केली. शिफारशीतील नायट्रोजनचा काही भाग वगळून तिथे नॅनो युरिया फवारला, तेव्हा पूर्ण मात्रेच्या तुलनेत गव्हाचे उत्पादन सुमारे २१ टक्के आणि भाताचे १३ टक्के कमी आले.

याचा अर्थ शेतीत नॅनो पदार्थांना स्थान नाही, असा कोणी काढू नये. जस्तासारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये पिकाला एकरी ग्रॅमच्या हिशेबातच लागतात. तिथे पानांवरील फवारणी गरजेच्या जवळ पोहोचू शकते, आणि जस्ताचे ऑक्साइड पाण्यात जेमतेम विरघळत असल्याने कणाच्या आकाराला खरोखर महत्त्व येते. युरियाचा अपव्यय रोखायचा असेल, तर आपल्या विम्ल (अल्कधर्मी) काळ्या जमिनीत तो उघड्यावर पडून अमोनियाच्या रूपाने उडतो, तिथे लक्ष द्यावे लागेल: मात्रा दोन-तीन वेळा विभागून द्यावी, जमिनीत ओल असताना झाडाच्या बुडाशी द्यावी आणि लगेच डवरणी करून मातीआड करावी.