तंत्रज्ञान आलं म्हणजे बाजार आला, असं नसतं

हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांपासून थेट वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलच्या धंद्याबद्दल एक दावा सध्या जोरात फिरतोय. थोडक्यात तो असा: “या क्षेत्रात उतरायला आता अडचण उरलेली नाही. जपानी, कोरियन किंवा कॅनडातल्या कंपनीशी करार करा, तंत्रज्ञान मिळतं. टोयोटानं तर पेटंटही खुली केली आहेत. नियम आंतरराष्ट्रीय आहेत, म्हणून एका देशात चालणारी वस्तू दुसरीकडेही चालते. आणि गाड्या रस्त्यावर आल्या की हायड्रोजनचे पंप आपोआप उभे राहतात.” यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते सहज पटतं. या भरवशावर लोक भांडवल घालतात, तरुण इंजिनिअर पुढची दहा वर्षं ठरवतात. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

“करार केला की तंत्रज्ञान मिळतं.” किती मिळतं, ते कराराची कलमं ठरवतात. २०१८ साली चीनच्या वेईचाई या इंजिन कंपनीनं कॅनडाच्या बॅलार्ड या फ्युएल सेल कंपनीमध्ये १९.९ टक्के हिस्सा घेतला आणि शानडोंग प्रांतात वेईफांगला दोघांची संयुक्त कंपनी निघाली; वेईचाईचे ५१ टक्के, बॅलार्डचे ४९. बस, ट्रक आणि फोर्कलिफ्टसाठी बॅलार्डचे स्टॅक, म्हणजे अनेक सेल रचून जोडलेल्या चळती, चीनमध्ये बनवण्याचा हक्क तिला मिळाला. पण मेम्ब्रेन इलेक्ट्रोड असेंब्ली, जिला या धंद्यात सगळे एमईए म्हणतात, ती बॅलार्डकडूनच घ्यायची असं ठरलं. एमईए म्हणजे प्रोटॉन पलीकडे जाऊ देणारा पातळ पडदा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमच्या बारीक कणांचा थर. वीज तिथेच तयार होते. बाकीची यंत्रणा तिला हवा आणि हायड्रोजन पुरवायला, गरम होऊ न द्यायला आणि वीज बाहेर न्यायला असते. बॅलार्डनं यात काही वावगं केलं असं मी म्हणत नाही, कुठलीही शहाणी कंपनी हेच करेल. पण ‘तंत्रज्ञान हस्तांतर’ एवढे दोन शब्द वाचून हुरळून जाणाऱ्यांनी कारखान्यात येणाऱ्या मालाची यादी मागावी. स्टॅक आपल्याकडे जोडला जातो आणि एमईएची खोकी परदेशातून येतात, तर किंमत कोण ठरवणार हे उघड आहे.

फायदा दुसऱ्या बाजूला तरी पुरेसा झाला का? २०२४ च्या पुनर्रचनेत बॅलार्डनं चीनमधल्या आपल्या धोरणाचाच फेरविचार हाती घेतला. भागीदार सापडला म्हणजे गिऱ्हाईक सापडलं, असं कॅनडाकडूनही झालं नाही.

“पेटंट खुली आहेत, आता शोधायचं काय राहिलं?” जानेवारी २०१५ मध्ये टोयोटानं फ्युएल सेलची सुमारे ५,६८० पेटंट विनाशुल्क वापरायला दिली, हे खरं. मोठ्या मनाचा निर्णय होता आणि त्यात हिशेबही होता: एकट्यानं गाड्या विकून पुरवठादार तयार होत नाहीत. पण पेटंटमध्ये रचना असते, हातोटी नसते. टोयोटाच्या पहिल्या मिराई गाडीच्या स्टॅकमध्ये ३७० सेल होते, सगळे एकामागे एक जोडलेले. सगळ्यांमधून तोच प्रवाह जातो, त्यामुळे एक सेल कमजोर निघाला तर अख्ख्या स्टॅकला त्याच्यापुढे नमावं लागतं. कॅटलिस्टचा, म्हणजे त्या प्लॅटिनमचा, लेप शेकडो मीटर लांबीच्या पट्टीवर सारख्या जाडीचा कसा बसवायचा, कुठल्या वेगानं वाळवायचा, सील वर्षानुवर्षं कसं टिकवायचं, हे कारखान्यात माल खराब करून करूनच शिकावं लागतं. होंडा आणि जनरल मोटर्स २०१३ पासून एकत्र काम करत होते. मिशिगनमधल्या त्यांच्या संयुक्त कारखान्यातून विक्रीसाठीचं उत्पादन सुरू झालं जानेवारी २०२४ मध्ये. या दोघांना पेटंटची वाण नव्हती.

“नियम सगळीकडे सारखेच.” हा मुद्दा लवकर निकालात निघतो. हायड्रोजनच्या शुद्धतेचं आयएसओ मानक आहे, वाहनांच्या सुरक्षिततेसाठी संयुक्त राष्ट्रांचे जागतिक तांत्रिक नियम आहेत. पण मंजुरी प्रत्येक देश आपापल्या पद्धतीनं देतो. प्लॅस्टिकचं अस्तर आणि त्यावर कार्बन फायबर अशी, ज्यांना टाइप ४ म्हणतात ती, टाकी जपान-कोरियाच्या गाड्यांमध्ये केव्हापासून आहे. चीनमध्ये वाहनांवरच्या अशा टाक्यांसाठी राष्ट्रीय मानक आलं २०२३ मध्ये. तोवर तिथे धातूचं अस्तर असलेल्या टाक्यांवरच काम चाललं.

“गाड्या आल्या की पंप येतील.” मला सर्वांत जास्त खटकतं ते हे वाक्य. स्वित्झर्लंडचं उदाहरण नीट पाहा, कारण इतक्या विचारानं केलेला बाजारप्रवेश या क्षेत्रात क्वचितच दिसतो. ह्युंदाईनं तिथल्या एच२ एनर्जी या कंपनीबरोबर संयुक्त कंपनी काढली आणि २०२० मध्ये हायड्रोजनवरचे ट्रक ग्राहकांच्या हाती दिले. ट्रक विकले नाहीत. किलोमीटरमागे भाडं, त्यात हायड्रोजन, विमा, देखभाल सगळं आलं. गोसगेनच्या जलविद्युत केंद्राशेजारी २ मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र, बसवला. पंपवाले आणि माल वाहून नेणारे मोठे दुकानदार आधीच एका संघटनेत होते. डिझेल ट्रकला टन-किलोमीटरमागे जो जड वाहन कर बसतो, तो या ट्रकना माफ होता. म्हणजे पंप, गिऱ्हाईक आणि सरकार ट्रकच्या आधी जागेवर होते.

लक्ष्य होतं २०२५ पर्यंत १,६०० ट्रकचं. २०२४ मध्ये ताफा होता ४८ ट्रकचा. त्यांनी मिळून १ कोटी किलोमीटर पार केले होते, म्हणजे ट्रकनी आपलं काम चोख केलं. पण मध्ये २०२२ आलं आणि युरोपात विजेचे भाव भडकले. एक किलो हायड्रोजन काढायला ५० युनिटांहून जास्त वीज लागते. वीज युनिटमागे १० सेंटीमनं (शंभर सेंटीमचा एक स्विस फ्रँक) महागली की किलोमागे ५ फ्रँकहून जास्त वाढ होते, आणि सुमारे ३० किलोची टाकी भरताना हा फरक दीडशे फ्रँकच्या पुढे जातो. तो कुठल्या भागीदारानं सोसायचा?

याचा अर्थ सहकार्य निरर्थक आहे असा मुळीच नाही. पॅनासॉनिक आणि जर्मनीच्या फीसमानचं पाहा. जपानमध्ये घरगुती फ्युएल सेल २००९ पासून विकले जात होते. पॅनासॉनिककडे सेल होता, फीसमानकडे बॉयलर, दुरुस्ती करणारे कारागीर आणि घराघरांत ओळख. २०१४ मध्ये दोघांनी मिळून ७५० वॉटचं यंत्र जर्मनीत आणलं. त्याला हायड्रोजनचा पंप लागतच नव्हता. घरात आधीच आलेल्या नळीतल्या नैसर्गिक वायूपासून ते आतच हायड्रोजन काढायचं. हायड्रोजन कुठून आणायचा, हा प्रश्न त्यांनी करारावर सही करण्याआधी सोडवला होता, आणि तरीही २०१६ पासून जर्मन सरकारचं अनुदान लागलंच.