मामाचं डोकं

"मामा, या रविवारी मला तुझं डोकं लागेल. दोन तास."

शेजारणीकडे इडलीपात्र मागावं इतक्या सहज भाचीनं हे सांगितलं. बँकेत तीस वर्षं काढली, पण तिथे माझं डोकं कधी कुणी मागितलं नव्हतं, सहीवर भागतं. त्यामुळे मी आधी 'हो' म्हणालो आणि मग 'कशाला?' असं विचारलं.

भाची कऱ्हाडची. पुण्यात चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि राहायला आमच्याकडे. त्यांच्याकडे 'हेड स्टडी' नावाचा प्रकार असतो. जिवंत माणूस समोर बसवायचा आणि त्याचं डोकं कागदावर उतरवायचं. कॉलेजात त्यासाठी मॉडेल येतं, पण सबमिशनला घरून काढलेली डोकीही द्यावी लागतात. मैत्रिणींची काढून झाली होती. "त्यांचे चेहरे फार गुळगुळीत आहेत गं मामी," ती म्हणाली. "मामाच्या चेहऱ्यावर बघ ना किती काम आहे!"

"आहे खरं," बायको कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली. "खोदकामच म्हण."

रविवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून हॉलमध्ये सोफ्यावर बसलो. भाचीनं मला तिथून उठवलं. चित्रकाराला म्हणे उत्तरेकडचा उजेड लागतो. त्या बाजूनं ऊन थेट आत येत नाही, म्हणून सावल्या जागच्या जागी राहतात. आमच्या फ्लॅटला उत्तरेकडची एकच खिडकी आहे आणि ती ड्राय बाल्कनीत. तेव्हा वॉशिंग मशीन आणि फरशी पुसायचा मॉप यांच्या मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीवर माझी प्रतिष्ठापना झाली. खुर्चीच्या चारही पायांभोवती तिनं खडूनं खुणा केल्या, मग माझ्या पावलांभोवती. अपघाताच्या जागेवर पोलीस करतात तशा. "मध्ये उठलास तरी परत तस्साच बसता येईल," ती म्हणाली. "आणि नजर त्या फिनेलच्या बाटलीवर ठेव."

पहिली पाच मिनिटं फार छान गेली. बसण्यात काय कठीण, असं मला वाटत होतं, आणि बसण्याचा माझा अनुभव दांडगा. पण हलायचं नाही असं ठरलं की शरीराला एकेक अवयव आठवायला लागतो. आधी नाकाचा शेंडा खाजला. तो सोसला, तर डाव्या कानामागे कुणीतरी चालल्यासारखं वाटलं. मग मानेत एक शीर जागी झाली. एरवी मला कधी न चावणारा एक डास गुडघ्यावर येऊन बसला आणि निवांतपणे जेवून गेला. घड्याळाकडे बघायची सोय नव्हती. वेळ कळायचा तो कुकरच्या शिट्ट्यांवरून. वरण तीन शिट्ट्यांत होतं, माझा कान पाचव्या शिट्टीला झाला.

समोर भाची एक डोळा मिटून, हात ताठ करून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माझं माप घेत होती. इतकं निरखून मला याआधी फक्त पासपोर्टच्या रांगेतल्या अधिकाऱ्यानं पाहिलं होतं, आणि त्यानंही फोटोशी दोनदा ताडून पाहिलं होतं.

"मामा, तुझा डावा डोळा उजव्यापेक्षा खाली आहे."

"कधीपासून?"

"बोलू नकोस, ओठ हलतात."

मग मापं कानावर पडू लागली. डोळे डोक्याच्या बरोबर अर्ध्या उंचीवर असतात. माणसं मात्र हमखास वर काढतात, कारण कपाळाला कुणी हिशेबात धरत नाही. ("तुझ्या बाबतीत धरावंच लागतंय," असं ती म्हणाली.) दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी एक डोळा मावावा. कान भुवईपासून सुरू होऊन नाकाच्या टोकापाशी संपावा. माझा संपत नव्हता. वयाबरोबर कान लांबतात म्हणे. बाकी कशातही माझी वाढ झाल्याचं ऐकिवात नाही.

मी चुळबुळतो आहे हे बघून तिनं लहान मुलाला भरवताना सांगतात तशा गोष्टी सुरू केल्या. कलेच्या इतिहासाचा पेपर जवळ आलेला, त्यामुळे तिची उजळणी आणि माझी करमणूक एकदम. व्यक्तिचित्राचा जन्म कसा झाला, याची रोमच्या प्लिनीनं पहिल्या शतकात लिहून ठेवलेली एक कथा आहे. ग्रीसमधल्या कोरिंथ गावातल्या बुटाडीस नावाच्या कुंभाराची मुलगी. तिचा प्रियकर परदेशी निघाला. आदल्या रात्री दिव्याच्या उजेडात त्याच्या चेहऱ्याची सावली भिंतीवर पडली होती, तिच्या कडेनं तिनं रेघ ओढून घेतली. बापानं ती पाहिली, आत माती भरून चेहरा घडवला आणि भट्टीत घालून भाजला.

"कुणाला?" बायकोनं आतून विचारलं.

"मातीच्या चेहऱ्याला गं मामी."

"मग ठीक. मला वाटलं त्या मुलालाच."

मला हसू आलं आणि दहा मिनिटं खपून काढलेला ओठ वाया गेला.

दुसरी गोष्ट बायकोला जास्त भावली, कारण ती स्थळं सुचवते. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला चौथं लग्न करायचं होतं. स्वतः मुलगी बघायला जायचं त्याला जमेना, म्हणून 1539 मध्ये त्यानं हान्स होल्बाइन या आपल्या दरबारी चित्रकाराला जर्मनीत पाठवलं. होल्बाइननं क्लीव्हजच्या अ‍ॅनचं चित्र काढून आणलं, राजाला ते पसंत पडलं आणि मुलगी निघाली. प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र राजाचा चेहरा उतरला. 1540 च्या जानेवारीत लग्न लागलं आणि सहा महिन्यांत ते रद्दही झालं.

"आणि चित्रकाराचं काय केलं?" मी ओठ न हलवता विचारलं.

"काही नाही. पण ज्यानं हे स्थळ जमवलं त्या थॉमस क्रॉमवेलचं डोकं उडवलं. म्हणजे, बाकीची कारणंही होती."

आतला पळीचा आवाज थांबला. त्या दिवसापासून बायकोच्या मोबाइलवरचे बायोडाटे कमी झाल्यासारखे वाटतात. होल्बाइनचं मात्र मला पटलं. त्यानं त्या मुलीचा चेहरा अगदी समोरून काढला होता. आमच्या लग्नाच्या वेळी फोटोग्राफरनं मला तीन चतुर्थांश वळवून, हनुवटी वर करून, मागे काश्मीरचा पडदा लावला होता. हेन्रीला तक्रार करायला जागा नव्हती. आमच्याकडे होती, पण कुणी केली नाही.

इतक्यात बायकोनं फोडणीत लाल मिरच्या टाकल्या. बाल्कनी ती, धूर जाणार कुठे? मी एकदा शिंकलो, दोनदा शिंकलो आणि तिसऱ्या वेळी खुर्चीसकट खडूच्या खुणांबाहेर गेलो.

"मामा! सफरचंद हलतं का?"

हा प्रश्न तिचा नव्हता. पॅरिसमधला आंब्रोआझ व्होलार हा चित्रांचा व्यापारी. 1899 मध्ये तो सेझान या चित्रकारासमोर बसला. डुगडुगत्या खोक्यावर खुर्ची, खुर्चीवर व्होलार. बसल्या बसल्या त्याला डुलकी लागली आणि सगळा डोलारा खाली आला. सेझान त्याच्यावरच खेकसला, पोज बिघडवलीस, सफरचंदासारखं बसायचं असतं, सफरचंद कधी हलतं का? त्यानंतर व्होलार बसण्याआधी काळी कॉफी पिऊ लागला. अशी एकूण 115 सिटिंग झाली. एवढं करून सेझाननं चित्र सोडून दिलं आणि म्हणाला, शर्टाचा पुढचा भाग काही वाईट साधलेला नाही. हे सगळं व्होलारनंच लिहून ठेवलंय. 115 वेळा बसल्यावर माणसाला लिहिण्यावाचून दुसरं काय सुचणार म्हणा.

मी लगेच हिशेब केला. आठवड्याला एक रविवार, 115 रविवार, म्हणजे सव्वादोन वर्षं. तोपर्यंत भाची पास होऊन जाईल आणि मी तिथेच, मॉपशेजारी.

दोन तासांनी मला चित्र दाखवण्यात आलं. आधी वाटलं, चुकून दुसऱ्याचं दाखवतेय. कागदावर एक वृद्ध गृहस्थ होते. डोळ्यांखाली पिशव्या, पांढरे केस, ओठांचे कोपरे खाली. हॉलमधल्या भिंतीवर हार घातलेल्या तसबिरीतले माझे वडील, म्हणजे आबा, उठून ड्राय बाल्कनीत येऊन बसले होते.

"हे कोण?"

"तू."

"हुबेहूब गं!" बायको म्हणाली, आणि तेही नको तितक्या लगेच.

चर्चिलचं मला अशा वेळी फार जवळून पटतं. 1954 मध्ये त्याच्या ऐंशीव्या वाढदिवसाला संसदेनं ग्रॅहम सदरलंडकडून त्याचं चित्र काढून घेऊन भेट दिलं. चर्चिलला ते अजिबात आवडलं नाही आणि पुढे त्याच्या बायकोनं ते गुपचूप नष्ट करवलं. आमच्या घरात ती सोय नव्हती. आमच्याकडे बायको चित्रकाराच्या पक्षात होती.

बुधवारी मी ऑफिसातून परस्पर सलूनमध्ये गेलो. कटिंगच करायची होती, पण खुर्चीत बसल्यावर समोरच्या आरशातही आबाच दिसले. "कलर करू का साहेब?" असं त्यानं विचारलं, तसं तो दर वेळीच विचारतो. या वेळी मी 'कर' म्हणालो.

पुढच्या रविवारी भाची ड्रॉइंग बोर्ड घेऊन बाल्कनीत आली आणि मला बघून किंचाळली. शेजारचे जोशीकाका दार उघडून विचारपूस करून गेले.

"मामा, हे काय करून ठेवलंस! अख्खा टोन गेला!"

चार दिवस ती मला ओझरती पाहत होती, तरी लक्षात आलं नव्हतं. काढायला बसली तेव्हा दिसलं. तिचं म्हणणं, पांढऱ्या केसांना एचबी पेन्सिल पुरत होती, या केसांना सिक्स बी लागेल. वर एवढा काळा गठ्ठा आला की खालचा चेहरा पिठात घोळल्यासारखा दिसणार. मी म्हटलं, मग कर ना काळे, मामाचीही थोडी इज्जत राहील. तिनं पुट्टी रबर हातात मळत जरा विचार केला आणि निकाल दिला. "मी केस मागच्या रविवारचेच ठेवते. आज फक्त नाक दे."

नाक देताना मी कुरकुरलो. एवढ्या उठाबशा कशाला, मोबाइलवर फोटो काढ आणि त्यावरून निवांत काढ की! फोटोचं तंत्र 1839 पासून जगात आहे. त्यावर तिनं सांगितलं की तेव्हा फोटोसाठीही लोकांना असंच बसावं लागे, आणि मान हलू नये म्हणून स्टुडिओत मागून डोक्याला लोखंडी आधार लावत. ही युक्ती तिला आठवून द्यायला नको होती. पुढचं ती मान वर न करता बोलली. "फोटोत तुझा एक क्षण येतो मामा. मला तुझे तीन रविवार हवेत. एकात तू कंटाळलेला, एकात चोरून केस रंगवलेला. ते सगळं नाकात येतं."

नाकात कसं येतं ते मी विचारलं नाही. पण त्यानंतर मी जरा बरा बसलो.

तिसरा रविवार बायकोमुळे लक्षात राहिला. तोपर्यंत मी मान आखडल्याचं कारण काढून दर वीस मिनिटांऐवजी दर दहा मिनिटांनी सुटी मागू लागलो होतो. भाचीनं अकबराचा दाखला दिला, तो स्वतः चित्रासाठी बसायचा, अबुल फजलनं आईन-ए-अकबरीत लिहून ठेवलंय. मी म्हटलं, त्याच्या बाल्कनीत वॉशिंग मशीन नव्हतं. मग ती पुण्यावर आली. 1790 च्या दशकात जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार इथे आला होता. त्यानं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढली, आणि शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली तिथे गंगाराम तांबट त्याच्या हाताखाली तयार झाला. म्हणजे ज्या नानांच्या मनात काय चाललंय याचा थांग भल्याभल्यांना लागला नाही, त्यांचं डोकंही कुणीतरी असंच एक डोळा मिटून मोजलं होतं. हा विचार मला पाच मिनिटं पुरला. सहाव्या मिनिटाला मी पुन्हा मान चोळली.

तेव्हा बायको पोळ्यांचा हात पुसत बाहेर आली. "म्हैसूरला पाहिलेली ती समईवाली आठवते?"

आठवत होती. लग्नानंतर आम्ही म्हैसूरला गेलो होतो. जगनमोहन पॅलेसच्या कलादालनात अंधाऱ्या खोलीत ते जलरंगातलं चित्र होतं. हातात समई घेतलेली बाई, दुसरा तळवा ज्योतीपुढे आडवा धरलेला, बोटांमधून लालसर उजेड. 'वा, रविवर्मा!' असं मी चारचौघांत मोठ्यांदा म्हणालो होतो. ते चित्र सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं आहे, 1945-46 च्या सुमाराचं, हे पाटीवर लिहिलेलं बायकोनं वाचलं होतं आणि इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

"त्यांची स्वतःची मुलगी होती ती," भाची म्हणाली. "तीन तास उभी होती."

"उभी," बायको म्हणाली. "पेटती समई घेऊन. आणि तुम्हाला खुर्चीत बसून जमत नाही."

त्यानंतरचा पाऊण तास मी सफरचंद होतो.

वर्षअखेरीला कॉलेजात मुलांच्या कामाचं प्रदर्शन लागलं. आम्ही दोघं गेलो, ताईही कऱ्हाडहून आली. माझं डोकं काळ्या माउंटमध्ये, जिन्याजवळच्या भिंतीवर, एका मडक्याच्या आणि दोन गुडघ्यांच्या शेजारी होतं. मी सलूनवरून ताजाच आलो होतो. तिथे उभा राहिलो, न कळत मान त्याच कोनात वळली आणि नजर फिनेलची बाटली शोधू लागली.

तेवढ्यात तिचे सर आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी चित्र पाहिलं, मग मला पाहिलं, मग परत चित्र.

"घरातलेच दिसतात. वडील का तुमचे?"

भाची काही बोलायच्या आत मी 'हो' म्हणून टाकलं. बायको खोकली.

"छान बसलेत हो," सर म्हणाले. "ह्या वयात एवढं स्थिर बसणं सोपं नाही."

"आबांची बैठक पहिल्यापासूनच पक्की," मी म्हणालो.