चौथा व्हॉल्व्ह इब्राहिमचा नव्हे, नसीम मालूफ यांचा

इब्राहिम मालूफच्या ट्रंपेटवादनाचा व्हिडिओ कुणी पुढे पाठवला, की सोबत बहुतेक वेळा एक ठरावीक मजकूर येतो. बैरूतमध्ये जन्मलेल्या आणि यादवी युद्धामुळे फ्रान्समध्ये वाढलेल्या या मुलाने चार व्हॉल्व्हचा (सूर बदलण्यासाठी दाबायच्या चार कळांचा) ट्रंपेट स्वतः शोधून काढला. असं वाद्य जगात आधी नव्हतंच. त्या चौथ्या व्हॉल्व्हमुळे पाश्चात्त्य वाद्यातून आपोआप अरबी सूर निघतात. आणि वर, हे काही खरं जॅझ नव्हे, जॅझच्या नावाखाली विकलेलं फ्यूजन आहे. यातला बैरूतचा जन्म (१९८०) आणि युद्ध एवढंच खरं. बाकीच्याला उत्तर द्यायलाच हवं, कारण या मजकुरामुळे एका माणसाच्या आयुष्यभराच्या कामाचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर जमा होतंय.

तो माणूस म्हणजे इब्राहिमचे वडील, नसीम मालूफ. ते लेबनॉनहून पॅरिसला आले आणि तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, मोरिस आंद्रे यांच्या हाताखाली तयार झाले. विसाव्या शतकात ट्रंपेटला एकलवादनाचं वाद्य म्हणून मान मिळवून देणाऱ्यांत आंद्रे यांचं नाव अगदी वर घेतलं जातं. असा गुरू मिळूनही नसीमना एक गोष्ट करता येत नव्हती: लहानपणापासून कानावर पडलेलं अरबी संगीत या वाद्यावर पूर्ण वाजेना. नेहमीच्या ट्रंपेटला तीन व्हॉल्व्ह असतात. दुसरा दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिल्याने एका स्वराने, तिसऱ्याने दीड स्वराने. म्हणजे पियानोवर आहेत तेवढेच बारा स्वर; अरबी संगीताला लागणारे त्यांच्या मधले स्वर नाहीत. नसीमनी १९६०च्या दशकात चौथा व्हॉल्व्ह बसवून घेतला, तो सूर पाव स्वराने उतरवतो. तेव्हा इब्राहिमचा जन्मही झालेला नव्हता. पुढे सातव्या वर्षापासून त्याला ट्रंपेट शिकवला तोही नसीमनीच. खुद्द इब्राहिम मुलाखतींतून या शोधाचं श्रेय वडिलांनाच देतो. मजकूर लिहिणाऱ्यांनी निदान त्याचं तरी ऐकावं.

‘जगात असं वाद्य नव्हतं’ हेही टिकत नाही. पिकोलो, म्हणजे आकाराने लहान, ट्रंपेटला चौथा व्हॉल्व्ह सर्रास असतो, फक्त तो खालचे स्वर मिळावेत म्हणून. पाव स्वरांचे ट्रंपेटही आधी झाले होते. चेक संगीतकार आलोइस हाबा यांचा पाव स्वरांत लिहिलेला ऑपेरा १९३१मध्ये म्युनिकला रंगमंचावर आला, त्यात असे ट्रंपेट होते. अमेरिकेत डॉन एलिस या जॅझवादकाने १९६०च्या दशकातच चार व्हॉल्व्हचा पाव स्वरी ट्रंपेट बनवून घेतला. सितारवादक हरिहर राव यांच्या जोडीने ‘हिंदुस्तानी जॅझ सेक्स्टेट’ काढणारा एलिस तो हाच. याने नसीम यांचं काम लहान होत नाही. हाबांना युरोपीय संगीतात नवी भाषा हवी होती, एलिसला जॅझमध्ये नवे रंग. नसीमना हवे होते ते आपल्या माणसांच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या असलेले स्वर.

सगळ्यात जास्त दिशाभूल करतो तो तिसरा दावा: व्हॉल्व्ह दाबला की अरबी सूर तयार. हे आपल्याला तरी पटू नये. दरबारीचा गांधार आणि भीमपलासीचा गांधार पेटीवर एकाच पट्टीत सापडतात, पण गाणाऱ्याच्या गळ्यात त्यांच्या जागा वेगळ्या असतात. मकामांचं, म्हणजे अरबी संगीतातल्या रागांसारख्या स्वररचनांचं, तसंच आहे. रास्त मकामातला तिसरा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मधे कुठेतरी लागतो, पण नेमका मध्यावर नाही. कैरोत तो एका जागी, इस्तंबूलमध्ये त्याहून चढा. व्हॉल्व्ह फक्त त्या स्वराच्या जवळपास नेऊन सोडतो. शिवाय दोन-तीन व्हॉल्व्ह एकत्र दाबले की नळीची लांबी गणिताप्रमाणे पुरी पडत नाही आणि सूर चढा लागतो. तो ओठांनी, फुंकरीने, नळी सरकवून सावरावा लागतो. हे सगळं कानाचं आणि रियाजाचं काम. इब्राहिमची तालीम वडिलांच्या जोडीने युरोपीय बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातलं) संगीत वाजवण्यात झाली, मग पॅरिसच्या राष्ट्रीय कॉन्झर्व्हेटरीत. एवढ्या मेहनतीचं श्रेय एका व्हॉल्व्हला देणं मला अन्यायाचं वाटतं.

राहिला जॅझचा मुद्दा. ‘रेड अँड ब्लॅक लाइट’ (२०१५) हा अल्बम इलेक्ट्रॉनिक पॉपकडे झुकतो, हे मान्य. माझ्याही आवडीचा तो नाही. पण ‘विंड’ (२०१२) ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये. फ्रेंच दिग्दर्शक रने क्लेअर यांच्या १९२०च्या दशकातल्या मूकपटासाठी केलेलं हे संगीत आहे. साथीला बासवर लॅरी ग्रेनाडिअर, ड्रम्सवर क्लॅरेन्स पेन, सॅक्सोफोनवर मार्क टर्नर आणि पियानोवर फ्रँक व्हेस्टे. यातल्या पहिल्या तिघांची नावं आजच्या अमेरिकन जॅझमध्ये कुणालाही विचारावीत. याच चमूबरोबर त्याने २०१५मध्ये ‘कल्थूम’ केला. इजिप्तच्या गायिका उम्म कुल्सूम यांनी १९६९मध्ये गायलेलं, तासाच्या घरात जाणारं ‘अल्फ लैला व लैला’ त्याने ओव्हर्चर (प्रारंभीचं वादन) आणि मूव्हमेंट्स (स्वतंत्र भाग) अशा पाश्चात्त्य रचनेत मांडलं. मूळ चाल बलीग हम्दी यांची. कडव्यांच्या मधे सॅक्सोफोन आणि पियानो आपापले विस्तार करतात, ताल मोडतो, पुन्हा जुळतो, आणि ट्रंपेट गायिकेच्या ओळीवर परत येतो. दिलेल्या धुनेवर जागच्या जागी नवं रचणं, एकमेकांचं ऐकून दिशा बदलणं, याला जॅझ म्हणायचं नसेल तर कशाला म्हणायचं?

उलट ‘डायग्नॉस्टिक’ (२०११) मधली ‘बैरूत’ ही रचना घ्या. सुरुवातीला जवळजवळ एकटा ट्रंपेट, अतिशय संथ. शेवटाकडे इलेक्ट्रिक गिटार तुटून पडते आणि सरळ हार्ड रॉक सुरू होतो. तिला जॅझ म्हणा, म्हणू नका, माझा आग्रह नाही. पण हा मजकूर पुढे पाठवणार असाल तर नसीम मालूफ हे नाव त्यात घाला, आणि ‘स्वतः शोधून काढला’ एवढे शब्द खोडा.