खोकला, हृदय आणि दहा सेकंद

संध्याकाळचे सव्वासहा वाजले आहेत, कामाचा दिवस जड गेला आहे, तुम्ही एकटेच घरी निघाला आहात आणि अचानक छातीत कळ येऊन ती हातात व जबड्यापर्यंत पसरू लागते. जवळचे रुग्णालय पाच किलोमीटरवर आहे. अशी सुरुवात असलेला संदेश मराठी वाचणाऱ्या बहुतेकांच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. पुढचा मजकूर थोडक्यात असा: ठोके बिघडलेल्या माणसाला शुद्ध हरपण्यापूर्वी केवळ दहा सेकंद मिळतात, तेवढ्यात त्याने दीर्घ श्वास घेऊन जोरात खोकावे आणि दर दोन सेकंदांनी हे करत राहावे, श्वासाने प्राणवायू मिळतो, खोकल्याने हृदय दाबले जाऊन रक्त वाहते राहते आणि ठोके पूर्ववत होतात, अशा रीतीने रुग्ण रुग्णालय गाठू शकतो, हा संदेश दहा जणांना पाठवला तर निदान एक जीव वाचेल. वेळ आणि अंतर प्रत्येक आवृत्तीत थोडे बदलते, सांगाडा मात्र तोच राहतो. त्यातील एकेक विधान तपासून पाहण्याजोगे आहे, कारण ते सगळेच्या सगळे खोटे नाही, आणि हा संदेश इतकी वर्षे टिकून राहण्याचे कारण नेमके तेच आहे.

आधी उगमाविषयी. ‘एका मोठ्या रुग्णालयाने दिलेली माहिती’ अशी ग्वाही यात असते. हा मजकूर १९९९ पासून इंग्रजी ईमेलमधून फिरत आला आहे. त्यात अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर जनरल हॉस्पिटलचे नाव होते, आणि त्या रुग्णालयाने आपला या मजकुराशी संबंध नसल्याचे सांगितले. मेंडेड हार्ट्स या हृदयरुग्णांच्या संघटनेच्या एका शाखेच्या वार्तापत्रात तो छापला गेला होता. पुढे त्या संघटनेनेही त्यापासून अंग काढून घेतले. मराठीत येताना रुग्णालयाचे नाव बहुधा गळाले, परंतु परक्या मातीच्या खुणा राहून गेल्या. ‘तुम्ही सीपीआरचे प्रशिक्षण घेतले आहे, पण तो स्वतःवर कसा करायचा हे शिकवणाऱ्याने सांगितले नाही’ (सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून रक्त वाहते ठेवण्याचा प्रथमोपचार) हे वाक्य ज्या समाजात असा वर्ग केलेला माणूस शोधावा लागतो, तेथे लिहिले गेलेले असणे कठीण आहे. मूळ इंग्रजीत अंतर पाच मैल होते. मैलांचे किलोमीटर झाले, आकडा तसाच राहिला, आणि भाषांतरकाराच्या कृपेने रुग्णालय तीन किलोमीटर जवळ आले.

दहा सेकंदांचा दावा सर्वांत अधिक लक्षपूर्वक पाहावा लागतो, कारण बाकीचा सारा डोलारा त्याच्यावर उभा आहे. आपण बोलताना ‘अटॅक आला’ असे दोन वेगळ्या घटनांना म्हणतो, आणि वर्तमानपत्रेही ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन’ या एकाच ठरीव शब्दांत दोन्ही बसवतात. पहिल्या घटनेत हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद होते आणि त्या भागातील स्नायू रक्ताअभावी हळूहळू मरू लागतो. हा हृदयविकाराचा झटका होय. त्यात हृदय धडधडत असते, माणूस बहुधा शुद्धीवर असतो, आणि त्याच्यापाशी दहा सेकंद नव्हे तर कित्येक मिनिटे, पुष्कळदा काही तास असतात. दुसऱ्या घटनेत हृदयातील विद्युत लय कोलमडते, खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि मेंदूकडे रक्त जाणे थांबते. हे हृदय बंद पडणे, म्हणजे कार्डियाक अरेस्ट. यात मात्र दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. झटक्यातून अरेस्ट उद्भवू शकतो, म्हणून दोहोंचे नाते आहे, परंतु त्या एकच गोष्टी नव्हेत. संदेशाने लक्षणे पहिल्या घटनेची घेतली आणि घड्याळ दुसऱ्या घटनेचे लावले. परिणामी ज्याच्याजवळ वेळ आहे त्याला तो नाही असे वाटते, आणि ज्याच्याजवळ तो खरोखरच नाही तो दीर्घ श्वास घेऊन दर दोन सेकंदांनी काही करण्याच्या अवस्थेत नसतो, कारण बाहेरच्या जगात अरेस्ट बहुधा चाहूल न देता येतो आणि माणूस कोसळतो.

आता खोकल्याने हृदय चालू राहते का, याचे उत्तर निखळ ‘नाही’ असे देता येत नाही, आणि ते तसे देणारे खंडन अप्रामाणिक ठरेल. १९७६ मध्ये क्राइली या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या धमन्यांची तपासणी, चालू असताना लय कोलमडलेल्या रुग्णांचे निरीक्षण प्रसिद्ध केले; दर एक ते तीन सेकंदांनी खोकत राहिल्याने त्यांतील काही रुग्ण २४ ते ३९ सेकंद शुद्धीवर राहिले. खोकताना छातीतील दाब वाढतो आणि त्या दाबाने थोडे रक्त पुढे ढकलले जाते, ही यंत्रणा खरी आहे. परंतु तो प्रसंग कसा होता ते पाहावे. रुग्ण टेबलावर आडवा होता, ईसीजीची रेषा पडद्यावर धावत होती, लय बिघडल्याबरोबर ती डॉक्टरांना दिसली, त्यांनी रुग्णाला खोकायला सांगितले, आणि विजेचा झटका देणारे यंत्र, डीफिब्रिलेटर, तेथेच सज्ज होते. खोकल्याने लय सुधारण्याची अपेक्षा नव्हती. यंत्राचा झटका देईपर्यंतची काही सेकंदे त्याने भरून काढली. अमेरिकन हार्ट असोसिएशन सामान्य लोकांच्या प्रशिक्षणात ही कृती शिकवत नाही, ती याच कारणाने. ईसीजीच्या पडद्यासमोर निघालेली एक मर्यादित युक्ती गाडी चालवणाऱ्या एकट्या माणसाच्या हाती देताना संदेशाने भोवतालची खोली, डॉक्टर आणि यंत्र तेवढे वगळले.

दीर्घ श्वासाने प्राणवायू मिळतो, हे विधान वेगळे उत्तर मागत नाही: झटक्यात अडचण बहुधा फुप्फुसात नसून धमनीत असते, आणि रस्ता बंद असताना गोदाम भरून काही साधत नाही.

अलीकडच्या काही आवृत्त्यांना ‘जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवा’ अशी पुरवणी जोडलेली दिसते. हे औषध रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब खाली आणते. ज्याचा दाब आधीच उतरलेला आहे, किंवा ज्याने लैंगिक दुर्बलतेवरचे सिल्डेनाफिलसारखे औषध घेतले आहे, त्याला ते घातक ठरू शकते. म्हणून ज्याला ते डॉक्टरांनी लिहून दिले आहे त्यानेच ते त्यांच्या सांगण्यानुसार वापरावे.

‘दहा जणांना पाठवा, एक जीव वाचेल’ हे गणित वैद्यकाचे नसून प्रसाराचे आहे. देवाच्या नावाने एकवीस प्रती लिहून वाटायला लावणारी पोस्टकार्डे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्याची ओळख पटेल. त्या वेळी पोस्टकार्डाचे पैसे आणि हाताचे कष्ट तरी पडत. व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. असे बंधन वेग कमी करते, पण ते मजकूर वाचत नाही. त्याला खोकल्याचा सल्ला आणि लसीकरणाची तारीख सारखीच. शिवाय हा मजकूर पुष्कळदा चित्ररूपात येतो, त्यामुळे त्यातील शब्द उचलून शोधणेही सोपे राहत नाही. मला यात सर्वांत निर्णायक वाटते ती गोष्ट वेगळी आहे. संदेश कोठून निघाला हे कोणालाच ठाऊक नसते, पण तो कोणाकडून आला हे प्रत्येकाला ठाऊक असते: मामांकडून, मोठ्या ताईकडून, सोसायटीच्या सचिवांकडून. रुग्णालयाचे नाव गळून पडले तरी चालते, कारण त्याची जागा नात्याने घेतलेली असते, आणि खंडन करणारा मात्र मामांना चारचौघांत खोटे पाडणारा ठरतो.

‘खोकून पाहायला काय बिघडते?’ असा प्रश्न यानंतर हमखास येतो. छातीत कळ आल्यावर ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा खाऊन पडून राहणे ही आपल्याकडची नेहमीची दिरंगाई आहे; मधुमेही माणसाला तर कळ फारशी न जाणवता नुसता घाम, दम किंवा मळमळ होऊ शकते. त्या दिरंगाईत खोकल्याची भर घालणे म्हणजे काहीतरी केल्याचे समाधान घेऊन वेळ दवडणे. बंद धमनी खोकल्याने उघडत नाही. ती गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनने किंवा अँजिओप्लास्टीने उघडते, आणि दोन्हींचा लाभ वेळेगणिक घटत जातो. त्यातही कळ येत असलेल्या माणसाने खोकत खोकत स्वतः गाडी हाकावी, असे संदेश सुचवतो. वाटेत त्याची शुद्ध गेली तर रस्त्यावरचे इतर लोकही त्याच्याबरोबर संकटात सापडतात.

उरला तो ‘एकटे’ हा शब्द. हा संदेश ज्याच्या हाती आहे त्याच्या हाती फोन आहे, आणि फोन असलेला माणूस या संदर्भात एकटा नसतो. संदेशाने मात्र त्याला फोनवरच वाचायला लावून फोनचा मुख्य उपयोग तेवढा सांगितला नाही. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे, गोव्यातही हाच क्रमांक चालतो, आणि ११२ हा देशभराचा आपत्कालीन क्रमांक आहे. गोव्यात तर लहान रुग्णालयात काढलेला ईसीजी डिजिटल मार्गाने तज्ज्ञांपर्यंत पोहोचवून तेथेच गुठळी विरघळवण्याचे औषध द्यायचे आणि मग बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवायचे, अशी व्यवस्था उभी आहे. हातातल्या तंत्रज्ञानाने हृदय वाचवण्याचा मार्ग हा असा असतो. तेव्हा घरात कोणी नसताना छातीत दडपण येऊन ते हाताकडे, पाठीकडे वा जबड्याकडे जात असेल, तर प्रथम १०८ ला फोन करावा आणि पत्ता जवळच्या खुणेसह सांगावा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, रक्तस्रावाचा त्रास नसेल आणि फोनवरील डॉक्टरांनी सांगितले, तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खावी. त्यानंतर शेजाऱ्यांना हाक मारावी, दाराची कडी काढून ठेवावी, आणि फोन हाताशी ठेवून भिंतीला टेकून खाली बसावे.