संकष्टीला गोळी घ्यायची की नाही?

आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, शुगर होऊन 14 वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी एकाही डॉक्टरांना विचारला नव्हता. "ते उपवासच सोडायला सांगतील, कशाला विचारा!" तोडगा त्यांचा त्यांनीच काढलेला: उपवास करायचा आणि गोळीही घ्यायची. गणपती आणि डॉक्टर दोघेही राजी. मग एका संकष्टीला दुपारी चारला दरदरून घाम, हात थरथरायला लागले. मशीनवर शुगर 54. तीन चमचे साखर पाण्यातून पाजली तेव्हा कुठे पंधरा-वीस मिनिटांनी माणसात आल्या.

हा प्रश्न शेवटी निघाला तो सोसायटीच्या हॉलमध्ये. एक निवृत्त सिस्टर दर पंधरा दिवसांनी शुगरवाल्या दहा-बारा जणांना घेऊन बसतात. तिथेही आईंनी विचारलं नाहीच. शेजारचे एक काका बोलून गेले, "मी एकादशीला गोळी घेतो, वर साबुदाण्याची खिचडी आणि दोन केळी." झालं, सगळ्यांची तोंडं उघडली. डॉक्टरांसमोर "गोड अजिबात नाही हो" म्हणणारी हीच मंडळी! सिस्टर ओरडल्या नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, शुगर भराभर चढवतो. आणि काही गोळ्या पोट रिकामं असलं तरी शुगर खाली ओढतात, काही तशा नसतात, एवढं समजावलं. मग प्रत्येकाला आपापल्या गोळ्यांची नावं आणि हा प्रश्न कागदावर लिहायला लावला, डॉक्टरांना दाखवायला. आईंचा कागद पाहून डॉक्टरांनी उपवासाच्या दिवसाचा डोस बदलून दिला. दोन मिनिटांचं काम होतं.

"भाकरी कितीही चालते" हा समजही तिथेच मोडला. एका आजोबांनी चार भाकऱ्यांनंतर दोन तासांनी शुगर मोजली, दुसऱ्या दिवशी दोन भाकऱ्या आणि वाटीभर उसळ खाऊन मोजली. आकडे त्यांनीच सगळ्यांना वाचून दाखवले. पुढे कोणी काही सांगायची गरजच उरली नाही.

आपल्याकडे फुकट शुगर तपासणीच्या शिबिरांना तोटा नाही. फ्लेक्स, नगरसेवकांचा फोटो, बोटाला सुई, चिठ्ठीवर आकडा, आणि बाहेर गोड चहा. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 मध्ये आलेल्या अभ्यासात देशातल्या मधुमेहींचा अंदाज 10 कोटींच्या वर गेलाय. एवढ्यांना ओपीडीच्या पाच मिनिटांत कोण काय शिकवणार?

गट केला की झालं, असंही नाही. इंग्लंडमध्ये नुकतं निदान झालेल्यांसाठी 'डेसमंड' नावाचा सहा तासांचा गटवर्ग आहे. त्याच्या चाचणीत वर्षभरानंतर वजन थोडं जास्त उतरलं, आजाराची समज वाढली, पण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. उलट इटलीत तुरिनला मधुमेहींचे ठरलेले गट वर्षानुवर्षं भेटत ठेवले. पाच वर्षांत एकेकटे तपासून घेणाऱ्यांची शुगर चढत गेली, गटातल्यांची होती तिथेच राहिली. म्हणून एकदाच तंबू ठोकून उठणाऱ्या शिबिरांवर माझा राग आहे.

आमचा गट मात्र सध्या अडचणीत आहे. कमिटीने हॉलचं भाडं मागितलंय, दर वेळी 300 रुपये. "वाढदिवसवाले देतात ना," असं सेक्रेटरी म्हणाले. काल ते स्वतःच आईंना हळूच विचारत होते, जेवणानंतर 260 म्हणजे फार का हो?